स्क्विडचं आयुष्य किती? एका आकड्याचा इतिहास

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी संशोधन आराखडा सादर करताना माझ्या एका स्लाइडवर एक ओळ होती: 'भारतीय स्क्विडचे आयुर्मान: दोन ते तीन वर्षे.' समितीतल्या एका ज्येष्ठ सरांनी विचारलं, "कशावरून?" मी लगेच संदर्भ सांगितला. ते म्हणाले, "संदर्भ नको. वय मोजलं कसं, ते सांगा."

मला सांगता आलं नाही. कारण तो आकडा मी एका शोधनिबंधातून उचलला होता. त्या निबंधाने तो दुसऱ्यातून घेतला होता, आणि दुसऱ्याने आणखी जुन्या एका अहवालातून. मूळ अहवाल मी उघडलाच नव्हता. पुढचे काही महिने मी त्या एका आकड्याच्या मागे मागे गेले. त्यात जे सापडलं, तो हा लेख. तुम्ही आत्ता पेट किंवा नेटची तयारी करत असाल, नाहीतर आराखडा लिहायला बसला असाल, तर तुमचा विषय काहीही असो, ही गोष्ट कामाला येईल असं वाटतं.

आधी ओळख करून घेऊ

मी जानेफळची. मेहकर तालुका, बुलडाणा जिल्हा. समुद्र इथून सुमारे चारशे किलोमीटर. त्यामुळे "तू आणि स्क्विड?" हा प्रश्न घरी आणि बाहेर, दोन्हीकडे विचारून झालाय. पण खरं सांगायचं तर हे प्राणी आपल्याकडे आधीपासूनच आहेत. देवघरातला शाळिग्राम घ्या. नेपाळमधल्या काळी गंडकीच्या खोऱ्यातून येणारा हा काळा दगड म्हणजे बहुतेक वेळा अ‍ॅमोनाइटचा जीवाश्म असतो, आणि अ‍ॅमोनाइट हे स्क्विडचे नामशेष झालेले नातेवाईक. दुसरी वस्तू म्हणजे जडीबुटीच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस. आयुर्वेदात कानाच्या औषधांत त्याचं चूर्ण येतं. तो फेस नसतो. कटलफिशच्या पाठीतलं ते पांढरं, हलकं कवच असतं.

स्क्विड, कटलफिश, ऑक्टोपस आणि नॉटिलस मिळून शीर्षपाद हा वर्ग होतो. नाव नीट बघा: पाय थेट डोक्याला जोडलेले. शिंपले आणि गोगलगायी ज्या मृदुकाय संघात येतात, त्याच संघातले हे. कोकणात स्क्विड आणि कटलफिश दोघांनाही माकूल म्हणतात आणि लांबट नळीसारख्या स्क्विडला नळ माकूल. मुंबईच्या ससून डॉकवर किंवा भाऊच्या धक्क्यावर पहाटे गेलात तर दोन्ही टोपल्या भरून दिसतील. स्क्विड साफ करताना आतून प्लॅस्टिकसारखी एक पारदर्शक पट्टी निघते, तेच त्याचं उरलंसुरलं कवच.

आपल्या किनाऱ्यावर सर्वांत जास्त मिळणाऱ्या स्क्विडचं शास्त्रीय नाव यूरोट्यूथिस डुवॉसेली. जुन्या निबंधांत तो लोलिगो डुवॉसेली म्हणून सापडतो. शोधताना दोन्ही नावं टाका, नाहीतर अर्धं साहित्य हातचं जाईल. हे नाव फ्रेंच निसर्गअभ्यासक आल्फ्रेड डुवॉसेल याच्यावरून आलं. तो १८१८ मध्ये बंगालमधल्या चंदननगरला आला, प्राणी गोळा करून पॅरिसला पाठवत राहिला आणि १८२४ मध्ये मद्रासला तरुणपणीच वारला. बारशिंग्याच्या शास्त्रीय नावातही हाच डुवॉसेल आहे. स्क्विडचं नामकरण आल्सीद दॉर्बिन्यी याने १८३५ मध्ये केलं. म्हणजे या प्राण्याला शास्त्रीय नाव मिळून जवळपास दोनशे वर्षं होत आली. पण तो जगतो किती, या प्रश्नाचं भरवशाचं उत्तर गेल्या चाळीसेक वर्षांतलं आहे.

नस माहीत, वय नाही

यातली गंमत अशी की स्क्विड हा काही दुर्लक्षित प्राणी नव्हता. १९३६ मध्ये इंग्लंडच्या जे. झेड. यंग यांनी दाखवून दिलं की स्क्विडच्या अंगातले काही जाड धागे या रक्तवाहिन्या नाहीत, ते एकेक चेतातंतू आहेत. त्यांची जाडी एक मिलिमीटरपर्यंत जाते. आपल्या शरीरातल्या तंतूंच्या तुलनेत हे अवाढव्यच. त्यामुळे त्याच्या आत इलेक्ट्रोड घालता आला. अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी याच तंतूवर काम करून चेतासंदेश कसा पुढे सरकतो, याची समीकरणं १९५२ मध्ये मांडली. १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आज पाठ्यपुस्तकांत ही समीकरणं आहेत.

म्हणजे स्क्विडच्या नसेतून एका मिलिसेकंदात काय होतं, हे आपल्याला १९५२ मध्ये कळलं होतं. तोच स्क्विड सहा महिने जगतो की तीन वर्षं, हे मात्र तेव्हा कुणालाच ठाम सांगता येत नव्हतं. पहिल्या प्रश्नासाठी प्रयोगशाळेत एक ताजा स्क्विड पुरत होता. दुसऱ्यासाठी त्याला समुद्रात जन्मापासून मरेपर्यंत बघावं लागलं असतं, आणि ते शक्य नव्हतं. शिवाय तोपर्यंत तो प्रश्न आपल्याकडे कुणाला अडलेलाही नव्हता.

आकड्याची गरज का पडली?

भारतात शीर्षपादांचा अभ्यास पूर्वीपासून होता. मद्रास मत्स्यविभागाचे जेम्स हॉर्नेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेकडच्या मृदुकाय प्राण्यांवर लिहिलं. के. वीरभद्र राव यांचा पाल्क उपसागरातल्या स्क्विडवरचा निबंध १९५४ मधला. पण मासेमारीच्या हिशेबात या प्राण्यांना फारसं स्थान नव्हतं. १९६० च्या दशकात यांत्रिक ट्रॉलर कोळंबीसाठी समुद्राचा तळ खरवडायचे आणि जाळ्यात आलेले माकूल म्हणजे वरकड माल.

१९७० च्या दशकात चित्र पालटलं. गोठवलेल्या स्क्विड-कटलफिशला परदेशी बाजारपेठ मिळाली. १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचं अनन्य आर्थिक क्षेत्र भारताचं झालं. साहजिकच सरकारला प्रश्न पडला की यात आहे किती आणि काढायचं किती. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या प्रश्नावर काम केलं. १९८५ मध्ये संस्थेचं ३७ वं बुलेटिन निघालं, ई. जी. सिलास यांनी संपादित केलेलं. भारताच्या अनन्य आर्थिक क्षेत्रातल्या शीर्षपादांचं जीवनमान, मासेमारी आणि साठे हा त्याचा विषय. पुढच्या दहा वर्षांत देशातलं शीर्षपादांचं उत्पादन लाख टनांच्या घरात गेलं.

आता 'किती काढायचं' हे ठरवायचं तर प्राणी किती वेगाने वाढतो आणि किती जगतो, हे लागतंच. पाच वर्षं जगणाऱ्या माशाचा हिशेब वेगळा, एका वर्षात संपणाऱ्याचा वेगळा. इथे माझ्या स्लाइडवरच्या आकड्याचा जन्म झाला.

शाळेतली मुलं आणि लांबीचे उंचवटे

माशाचं वय ठरवायचा एक जुना आणि स्वस्त मार्ग आहे. डेन्मार्कच्या योहानेस पीटरसन यांनी तो १८९० च्या दशकात मांडला. उदाहरण आपल्या झेडपी शाळेचं घेऊ.

समजा, तुम्हाला पहिली ते सातवीच्या सगळ्या मुलांची उंची मोजायची आहे, पण कोण कुठल्या वर्गातलं हे माहीत नाही. उंचीचा आलेख काढलात तर त्यात उंचवटे दिसतील. एक उंचवटा पहिलीचा, त्यापुढचा दुसरीचा, असं. कारण प्रवेश वर्षातून एकदाच, जूनमध्ये होतात. दोन उंचवट्यांमधलं अंतर म्हणजे एका वर्षाची वाढ. वय कुणालाही न विचारता वाढीचा वेग मिळाला.

माशांचंही असंच. वर्षातून एकाच हंगामात अंडी घालणाऱ्या माशांची लांबी बंदरावर मोजा, उंचवटे शोधा, वय काढा. पुढे लुडविग फॉन बर्टालान्फी यांचं वाढीचं समीकरण याला जोडलं गेलं. हे समीकरण सांगतं की प्राणी लहानपणी भराभर वाढतो, मग वाढ मंदावते आणि शेवटी एका कमाल लांबीजवळ थांबते. १९८० च्या सुमारास मनिलाच्या संशोधन केंद्रात डॅनियल पॉली आणि एन. डेव्हिड यांनी हे सगळं संगणकावर आणलं. त्यांच्या एलेफॅन या प्रणालीत महिनावार लांबीचे आकडे टाकले की समीकरणाचे गुणांक बाहेर.

गरीब आणि उष्ण कटिबंधातल्या देशांसाठी हे वरदान होतं. थंड प्रदेशातल्या माशांच्या खवल्यांवर हिवाळ्याची वलयं उमटतात, ती मोजून वय काढता येतं. आपल्याकडे तशी सोय सहसा नाही. लांबी मोजायला मात्र एक मोजपट्टी लावलेली पाटी आणि पहाटे उठायची तयारी पुरते. त्यामुळे भारतातही माशांपासून स्क्विडपर्यंत सगळ्यांवर ही पद्धत चालली. भारतीय स्क्विडचं आयुष्य वर्षापेक्षा जास्त, काही अभ्यासांत दोन-तीन वर्षं, हे याच वाटेने आलं.

चूक कुठे झाली?

परत शाळेत जाऊ. समजा, आता प्रवेश जूनमध्ये नाही, दर आठवड्याला होतात. शिवाय एकाच वयाच्या दोन मुलांपैकी एक दुसऱ्याच्या दीडपट उंच असू शकतं. आणि मोठी झालेली मुलं दाखला न घेताच शाळा सोडून जातात. आता काढा उंचीचा आलेख. उंचवटे दिसणार नाहीत का? दिसतील! काही ना काही चढउतार दिसतीलच. पण त्यातला एक म्हणजे एक इयत्ता, असं म्हणता येणार नाही.

स्क्विडचं नेमकं हेच आहे. आपल्या उबदार पाण्यात त्यांची वीण जवळपास वर्षभर चालते, मधे एखाद-दोन महिने जोर असतो इतकंच. नवी पिल्लं सतत येत राहतात. पाण्याचं तापमान आणि मिळालेलं खाणं यावर वाढ इतकी बदलते की एकाच वयाचे दोन स्क्विड लांबीला खूप वेगळे असतात. भारतीय स्क्विडमध्ये नर मादीपेक्षा लांब होतात, तेही एकाच आलेखात मिसळतात. जाळ्याच्या आसातून लहान निसटतात. आणि या महिन्यात दिसलेला उंचवटा पुढच्या महिन्यात जागच्या जागीच दिसला, तर 'वाढ मंद आहे' असा निष्कर्ष निघतो. खरं तर आधीचे मरून गेलेले असतात आणि त्यांच्या जागी तेवढेच नवे आलेले असतात.

जुने निबंध वाचताना मला एक गोष्ट टोचली. त्या काळच्या भारतीय अभ्यासांतच लिहिलेलं आहे की पक्व माद्या जवळपास वर्षभर सापडतात. म्हणजे पद्धतीचं गृहीतक मोडणारा पुरावा हाताशी होता. फक्त तो 'प्रजनन' या प्रकरणात होता आणि वय 'वाढ' या प्रकरणात. दोन प्रकरणांनी एकमेकांशी बोलायचं राहून गेलं.

यावरून त्या संशोधकांना नावं ठेवायचा माझा हेतू नाही. त्यांनी केलेली प्रजातींची ओळख, कुठे काय सापडतं याच्या नोंदी, पक्वतेचे टप्पे, पोटात काय सापडलं याचे तक्ते, हे आजही माझ्या टेबलावर उघडं असतं. आणि ही चूक फक्त भारतात झाली असंही नाही. तेव्हा जगभर स्क्विडला 'मासा' समजूनच मोजलं जात होतं.

डोक्यातला खडा

सुटका झाली ती एका बारीक खड्यामुळे. १९७१ मध्ये जॉर्जिओ पॅनेला यांनी 'सायन्स' मध्ये एक निबंध लिहिला. माशाच्या कानातल्या कर्णाश्मावर वर्षाच्या वलयांबरोबर रोजची सूक्ष्म वलयंही असतात, असं त्यांनी दाखवलं. स्क्विडच्या डोक्यातही मेंदूखालच्या कूर्चेत तोल सांभाळणारं इंद्रिय असतं आणि त्यात चुन्याचे दोन खडे. त्यांना स्टॅटोलिथ म्हणतात. त्यांवरही रेषा असतात. १९७८ मध्ये पोलंडच्या मारेक लिपिन्स्की यांनी इलेक्स या स्क्विडबाबत सरळ कल्पना मांडली: एक रेषा म्हणजे एक दिवस.

ऐकायला सोपं. करायला? आपल्या स्क्विडचा हा खडा मिलिमीटरच्या आसपासचा. डोकं कापून चिमट्याने तो काढायचा, काचपट्टीवर चिकटवायचा, बारीक पॉलिश पेपरवर एका बाजूने घासायचा, उलटवून दुसऱ्या बाजूने घासायचा आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली मध्यापासून कडेपर्यंत रेषा मोजायच्या. थोडा जास्त घासला तर कडेच्या रेषा गेल्या, कमी घासला तर आतल्या दिसत नाहीत. माझ्या पहिल्या वीस खड्यांपैकी निम्मे काचेवरच संपले. उरलेल्यांतल्या एकाच खड्यात सकाळी मोजल्या तर १३१ रेषा आणि संध्याकाळी मोजल्या तर १४४. म्हणून एकाच खड्याची मोजणी दोन-तीनदा, शक्यतो दोन वेगळ्या माणसांनी करायची असते, आणि फरक ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आला तर तो नमुना सोडून द्यायचा असतो.

रेषा दिसली म्हणजे दिवस झाला का?

इथे खरा प्रश्न येतो. रेषा दिसतात हे कबूल, पण एक रेषा म्हणजे एकच दिवस, हे कशावरून?

हा प्रश्न न विचारल्याने काय होतं, याचं एक प्रसिद्ध उदाहरण शीर्षपादांमधलंच आहे. १९७८ मध्ये पीटर कान आणि स्टीफन पॉम्पिया यांनी 'नेचर' मध्ये नॉटिलसच्या शंखावर निबंध लिहिला. नॉटिलसचा शंख कप्प्याकप्प्यांचा असतो. आजच्या नॉटिलसमध्ये दर कप्प्यामागे सुमारे ३० बारीक रेषा. त्यांनी अर्थ लावला की रेषा म्हणजे दिवस आणि कप्पा म्हणजे चांद्रमास. मग कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत दर कप्प्यामागे रेषा कमी दिसल्या, सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत तर जेमतेम ९. म्हणजे तेव्हा महिना नऊ दिवसांचा होता आणि चंद्र पृथ्वीच्या फारच जवळ होता! कल्पना सुंदर होती. पण नंतर जिवंत नॉटिलस पाळून पाहिले, शंखातल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून वय काढलं, तेव्हा कळलं की कप्पा महिन्याला होतच नाही. त्याला कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि प्राणी मोठा होत जातो तसा हा वेळ वाढतो. निबंधाचा पायाच गेला.

आपल्या समुद्रफेसाचीही तीच गत. तो आडवा कापला तर झाडाच्या खोडासारखे थर दिसतात. ते मोजून कटलफिशचं वय काढायचा मोह अनेकांना झाला. पण टाकीत वाढवलेल्या, जन्मतारीख माहीत असलेल्या युरोपीय कटलफिशचे थर मोजल्यावर दिसलं की थर रोज पडत नाहीत. गारठा असला, खायला कमी मिळालं की ते पडायचे मंदावतात. तो थर प्राण्याचं पोट आणि पाण्याची ऊब यांची नोंद ठेवतो, तारखांची नाही.

स्टॅटोलिथवाल्यांनी मात्र हा प्रश्न टाळला नाही. त्यांनी जिवंत स्क्विडला टेट्रासायक्लिन दिलं. हो, तेच प्रतिजैविक, जे लहान मुलांना देत नाहीत कारण दातांवर कायमचे डाग पडतात. ते चुन्यात जाऊन बसतं आणि अतिनील प्रकाशात चमकतं. औषध दिल्याच्या दिवशी खड्यात एक चमकती खूण उमटते. मग स्क्विड टाकीत काही दिवस जगवायचा, खडा काढायचा आणि खुणेच्या बाहेर किती रेषा पडल्या ते बघायचं. दहा दिवसांत दहा रेषा असतील तर दावा खरा. काहींनी टेट्रासायक्लिनऐवजी स्ट्रॉन्शियम वापरलं. १९८० च्या दशकात वेगवेगळ्या प्रजातींवर हे झालं आणि अनेक प्रजातींत रेषा रोजच्याच निघाल्या. ऑस्ट्रेलियात जॉर्ज जॅक्सन यांनी उष्ण कटिबंधातल्या प्रजातींवर हे काम नेलं. १९९२ मध्ये त्यांनी जे. एच. चोट यांच्याबरोबर लिहिलेल्या निबंधातलं चित्र असं होतं: उष्ण कटिबंधातले किनारी स्क्विड २०० दिवसांच्या आत आयुष्य संपवतात. त्यांची वाढ शेवटी थांबत नाही, ते वाढता वाढताच वीण करून मरतात. म्हणजे बर्टालान्फींचा वक्रही इथे बसत नाही. भारतीय स्क्विडचे थायलंडच्या अंदमान समुद्रातले नमुने याच पद्धतीने तपासले गेले, तेव्हा त्यांचंही वय वर्षाच्या आतच निघालं.

२००० मध्ये जॅक्सन, अल्फर्ड आणि चोट यांनी दोन्ही पद्धती समोरासमोर आणल्या. ज्यांचं वय खड्यावरून माहीत होतं अशा स्क्विडच्या लांबीच्या आकड्यांवर एलेफॅन चालवलं. उत्तरं जुळली नाहीत. स्क्विडची वाढ लांबीच्या आकड्यांवरून काढता येते का, असा प्रश्न निबंधाच्या शीर्षकातच होता आणि आतलं उत्तर 'नाही' असं होतं.

तरीही स्टॅटोलिथ म्हणजे सर्वांवरचं औषध नाही. कटलफिशमध्ये रेषा बऱ्याचदा पुसट असतात आणि ऑक्टोपसमध्ये जवळपास वाचताच येत नाहीत. ऑक्टोपससाठी आता त्याच्या पोपटासारख्या चोचीवरच्या रेषा मोजतात. प्रत्येक वेळी तोच जुना प्रश्न: रोजची रेषा, कशावरून?

वर्ष की तीन वर्षं, फरक काय पडतो?

वय चुकलं की पुढचा सगळा हिशेब चुकतो. वाढीच्या वेगावरून नैसर्गिक मृत्युदर काढतात. त्यासाठी पॉली यांचं १९८० चं एक सूत्र सर्रास वापरलं गेलं. ते १७५ मत्स्यसाठ्यांच्या माहितीवर बेतलेलं आहे. मत्स्यसाठ्यांच्या, म्हणजे माशांच्या. ते स्क्विडला लावलं, तेही चुकीच्या वाढीवरून. मग त्या मृत्युदरावरून 'किती पकडलं तर चालेल' हा आकडा. एकावर एक मजले चढले आणि तळातली वीट कच्ची.

तीन वर्षं जगणाऱ्या प्राण्याच्या साठ्यात तीन वयांचे प्राणी असतात. एक वर्ष वाईट गेलं, पिल्लं कमी आली, तरी मागची पिढी सांभाळून घेते. वर्षाच्या आत मरणाऱ्या स्क्विडला मागची पिढीच नाही. आज समुद्रात आहे ती सगळी याच वर्षीची रोपं, घरात जुनं बियाणं शिल्लक नाही. आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याला यातली जोखीम समजावून सांगायची गरज नाही. दुसरी बाजूही आहे: इतका भराभर वाढणारा प्राणी, वीण नीट झाली तर, वर्षभरात सावरूनही येतो. म्हणून गेल्या वर्षीच्या आकड्यांवरून यंदाचा कोटा ठरवण्यात फारसा अर्थ राहत नाही.

हे ओळखून फॉकलंड बेटांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी वेगळी रीत सुरू केली. हंगाम चालू असतानाच रोजच्या पकडीचे आकडे घ्यायचे, पकड किती वेगाने घटतेय त्यावरून समुद्रात किती उरले याचा अंदाज करायचा आणि विणीसाठी ठरलेला वाटा शिल्लक राहावा म्हणून वेळ पडल्यास हंगाम लवकर बंद करायचा. १९९० मध्ये बेडिंग्टन आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत निबंधातून मांडली. त्यात हा वाटा साधारण ४० टक्के धरला होता.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. माशांच्या पावसाळी विणीला ती उपयोगाची आहेच. पण वर्षभर विणणाऱ्या, सहा-सात महिन्यांत आयुष्य संपवणाऱ्या स्क्विडच्या किती पिढ्यांना या ६१ दिवसांचा आडोसा मिळतो, आणि डिसेंबरात जन्मलेल्यांचं काय, हा प्रश्न वय बरोबर मोजल्याशिवाय विचारताही येत नाही. मुंबई-रत्नागिरीच्या स्क्विडचे महिनावार खडे मोजायचं माझं काम त्यासाठीच आहे.

अ‍ॅरिस्टॉटल बरोबर होता, पण

इतकं सगळं वाचून झाल्यावर मला अ‍ॅरिस्टॉटलचा प्राण्यांवरचा ग्रंथ चाळायची बुद्धी झाली. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला माणूस. त्याने भूमध्य समुद्रातल्या स्क्विड-कटलफिशबद्दल लिहून ठेवलंय की हे अल्पायुषी असतात, काही अपवाद सोडले तर वर्षही पुरं करत नाहीत. ना खडा, ना संगणक! त्याची बरीच माहिती मच्छीमारांकडून आलेली होती.

याचा अर्थ सगळं संशोधन वाया गेलं का? नाही. अ‍ॅरिस्टॉटलचं उत्तर बरोबर होतं, पण ते तपासायची सोय त्यात नव्हती. त्यावरून कोटा ठरवता आला नसता, कुठल्या महिन्यात जन्मलेले किती दिवस जगतात हे काढता आलं नसतं. १९९२ चं उत्तर तपासता येतं, खोडता येतं, दुसऱ्या समुद्रात पुन्हा करून बघता येतं. तरी एक शिकण्यासारखं आहेच. ससून डॉकवर तीस वर्षं माकूल निवडणाऱ्या मावशींना मी पहिल्या वर्षी एकही प्रश्न विचारला नव्हता. आता विचारते. त्या सांगतात तो पुरावा नसतो, पण कुठे बघायचं ते कळतं.

तुमच्या आराखड्यासाठी

आता तुमच्याबद्दल. साहित्याचा आढावा लिहिताना प्रत्येक महत्त्वाच्या आकड्यासमोर मी तीन रकाने करते. आकडा मुळात कुणी मोजला? कुठल्या पद्धतीने? आणि ती पद्धत काय गृहीत धरते? पहिला रकाना भरायला कधीकधी आठवडा जातो, जुनं बुलेटिन ग्रंथालयातून मिळवावं लागतं. पण तिसरा रकाना भरताना बऱ्याचदा तुमचा संशोधनप्रश्न आपोआप समोर येतो. माझा तसाच आला. शिवाय एकाच अहवालाची वेगवेगळी प्रकरणं एकमेकांशी ताडून बघा. 'वाढ' काय म्हणतंय आणि 'प्रजनन' काय म्हणतंय?

दुसऱ्या वर्षीच्या सादरीकरणात तीच स्लाइड पुन्हा होती. आयुर्मानासमोर मी लिहिलं होतं: 'वर्षाच्या आत, पद्धत: स्टॅटोलिथ, आपल्या किनाऱ्यावरच्या रेषा रोजच्या आहेत का, याची पडताळणी चालू.' त्याच सरांनी वाचलं आणि विचारलं, "पडताळणी कशी करणार?"

या वेळी मला सांगता आलं.